वारा कुठून येणार?

मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० च्या पुढे जातो आणि ठाण्याचा ३५-३६ वर थांबतो. तरी सोलापूरकडून आलेला माझा चुलतभाऊ ठाण्यात उतरला की तासाभरात म्हणतो, "आमच्याकडं ऊन भाजतं, पण तुमच्याकडं जीव घुसमटतोय गं." थर्मामीटर त्याच्या बाजूने नसेल, पण त्याचं अंग खरं बोलतं. माणसाचं शरीर घाम वाळवून थंड होतं. सोलापूरच्या दुपारी हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचं कळायच्या आत तो उडून जातो. ठाण्याच्या हवेत खाडीची वाफ आधीच भरलेली असते. घाम वाळत नाही, नुसता ओघळतो, आणि अंग तापलेलंच राहतं. अशा वेळी उपयोगी पडतो तो फक्त अंगावरून जाणारा वारा. सेकंदाला मीटरभर वेगाची झुळूक आली तरी तीनेक अंश कमी झाल्यासारखं वाटतं.

ही गोष्ट किती जीवघेणी ठरू शकते ते नवी मुंबईने पाहिलं आहे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात पुरस्कार सोहळ्यासाठी लाखो माणसं भर उन्हात बसली होती. तापमान ३८ च्या आसपास होतं. नागपुरात एप्रिलमधल्या ३८ बद्दल कुणी फारसं बोलतही नाही. खारघरला उष्माघाताने १४ जण दगावले. डोक्यावर सावली नव्हती, भोवती माणसांची दाटी होती आणि हवेत ओल होती. त्या भागात कामासाठी जाते तेव्हा ते मैदान पाहून अजूनही पोटात कालवतं.

मी आर्किटेक्ट आहे. ठाण्यात आणि नवी मुंबईत काम करते, आणि हल्ली बहुतेक काम पुनर्विकासाचं असतं. 'ग्रीन बिल्डिंग' हा शब्द रोज कानावर पडतो. माझ्यापुरती मी त्याची एक कसोटी ठरवली आहे: मे महिन्यातल्या रात्री एसी बंद पडला आणि नुसता पंखा चालू राहिला, तर या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला झोप लागेल का? लेहमध्ये कसोटी वेगळी असेल, सोलापुरात वेगळी. आपल्याकडे हीच.

लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी दोन घरांत वाटलेली असायची. अर्धी सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याकडे आजीच्या गावी, अर्धी दापोलीजवळ मामाकडे. आजीच्या घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाडीच्या, दगडमातीच्या, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. सकाळचे नऊ वाजले की आजीची हाक यायची, "कवाडं लावा गं पोरींनो, झळ आत येतीया." खिडक्या म्हणजे भिंतीतले लहानसे झरोके. आत अंधार आणि गारवा. बाहेरचं ऊन भिंतीत शिरायचं खरं, पण ती भिंत पार करून खोलीत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर बाहेर गार वारा सुटलेला असायचा. मग सगळी कवाडं सताड उघडायची आणि अंथरुणं घेऊन माळवदावर जायचं.

मामाकडे नेमकं उलटं. तिथे एखादं दार लावलेलं दिसलं की मामी उघडायची. "कोंडतं ना गो, उघड ते!" जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढेमागे पडवी, आणि ओटीपासून मागच्या दारापर्यंत सगळी दारं एका रेषेत. वर चढलेली गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जायची. पावसाळ्याआधी पडवीच्या पश्चिम अंगाला नारळाच्या झापांच्या झड्या बांधायच्या, कारण पाऊस तिकडूनच आडवा येतो. पाणी अडायचं आणि वारा तेवढा गाळून आत यायचा.

दोघी बरोबर होत्या, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. सोलापूरकडे मे महिन्यात दुपार आणि पहाट यांच्यात पंधराएक अंशांचा फरक असतो. जाड भिंत या फरकावरच चालते. दिवसा उष्णता पिते आणि रात्री गार हवेत ती सोडून देते. किनारपट्टीला हा फरक सहा-सात अंशांचाच. रात्रीही २७-२८ अंश. इथे दिवसभर तापलेल्या जाड भिंतीने रात्री उष्णता द्यायची कुणाला? ती झोपलेल्या माणसालाच देते. म्हणून दमट हवेत सावली, उघडी बाजू आणि पटकन निवणारी हलकी भिंत हवी. येऊरच्या पाड्यांवर वारल्यांनी पिढ्यान् पिढ्या कारवीच्या कुडाची घरं बांधली ती याच हिशेबाने. काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचं लिंपण, आणि ऊन कललं की भिंत थोड्या वेळात थंड.

जुनं ते सगळंच चांगलं, असं मात्र मी कधी म्हणणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा आजीच्या घरासारखीच घरं माणसांवर कोसळली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांच्या दोन अंगांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काही नाही, आणि वर माळवदाचा काही टन मातीचा भार. लातूर-उस्मानाबाद भागात आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. उन्हाळ्यात ज्या घराने जगवलं त्यानेच पहाटे झोपेत मारलं. त्यानंतर त्या भागातल्या लोकांना माळवदाची भीती वाटू लागली आणि त्यांनी स्लॅबची, पत्र्याची घरं जवळ केली, यात त्यांचं काय चुकलं? खरं तर जाड भिंत ठेवून तिला आरपार लांब दगडांनी सांधता येतं, दारं-खिडक्यांच्या वर सगळीकडून काँक्रीटचा पट्टा फिरवता येतो, छत हलकं करता येतं. हवामानाला शोभणारं घर आणि भूकंपात टिकणारं घर एकच असू शकतं. त्यासाठी गवंड्याच्या शेजारी इंजिनिअर उभा राहावा लागतो आणि खेड्यात तो फारसा उभा राहत नाही, हे दुखणं आजही तसंच आहे.

एका हिवाळ्यात लडाखला गेले होते. लेहजवळ फे इथे सेकमोल या शिक्षणसंस्थेचा परिसर आहे. इमारती मातीच्या, जाड भिंतींच्या, सगळ्यांची तोंडं दक्षिणेकडे. दक्षिणेला भरपूर काच आणि हिवाळ्यापुरतं लावलेलं प्लास्टिकचं हरितगृह, जे उन्हाळ्यात काढून ठेवतात. बाहेर पाणी गोठत होतं आणि आत मुलं नुसता स्वेटर घालून अभ्यास करत होती. लेहला डिसेंबरच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३२ अंश वर येतो. तिरपं ऊन काचेतून खोलीत खोलवर शिरतं, मातीच्या जमिनीत आणि भिंतीत साठतं आणि रात्री घर ऊबदार ठेवतं. काच ऊन आत घेते, पण तापलेल्या वस्तूंची उष्णता सहज बाहेर जाऊ देत नाही. लेहमध्ये हा तिचा गुण.

तीच काच घोडबंदर रोडला पश्चिमेकडे तोंड करून पंधराव्या मजल्यावर लावली की काय होतं, ते तिथे राहणाऱ्यांना विचारा. ठाण्यात १५ मेच्या सुमारास भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. म्हणजे दक्षिणेची खिडकी आपल्याकडे फार त्रास देत नाही, दोन फुटांचा छज्जा तिला पुरतो. खरा शत्रू चार वाजताचा पश्चिमेचा सूर्य. तो समोरून, खालून येतो आणि आडवा छज्जा त्याच्यापुढे निरुपयोगी ठरतो. त्याला उभ्या पट्ट्या, जाळी, खोल बाल्कनी किंवा झाड लागतं. आणि नेमकं पश्चिमेलाच खाडी दिसते, सूर्यास्त दिसतो, म्हणून तिकडे जमिनीपासून छतापर्यंत काच लावतात आणि तो फ्लॅट जास्त भावाने विकतात. मग आतून जाड पडदा ओढला जातो, दिवा लागतो, एसी लागतो. सूर्यास्तही दिसत नाही.

आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया हा प्रश्न आयुष्यभर सोडवत राहिले. अहमदाबादेत साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ट्यूब हाउस बांधलं. अरुंद, लांबट घर. आतली गरम हवा उतरत्या छपराच्या आतल्या बाजूने वर सरकते, माथ्यावरच्या झरोक्यातून निघून जाते आणि खालून ताजी हवा ओढून घेते. मुंबईत आल्यावर त्यांनी हेच घर पुन्हा बांधलं नाही. कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत (१९८३) अडचण आपल्याच ओळखीची होती: समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारादेखील तिकडूनच. त्यांनी कोपऱ्यांत दुमजली उंचीच्या खोल गच्च्या कोरल्या. खोली आणि आभाळ यांच्यामध्ये सावलीचा एक थर ठेवला. ती इमारत श्रीमंतांसाठी होती, पण नौपाड्यातल्या चाळीची लाकडी गॅलरी तेच काम कितीतरी आधीपासून करत होती. ऊन आणि पाऊस गॅलरीत थांबतात, वारा खोलीत जातो. गॅलरी बंद करून ती हॉलमध्ये घेतली की हा थरच नाहीसा होतो, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत ठाण्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराने हे केलं. जागा टीचभर, माणसं वाढलेली, त्यांना तरी दुसरा कुठला मार्ग होता?

नवी मुंबईची कल्पना कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात मांडली. १९७० मध्ये हे शहर उभारण्यासाठी सिडको स्थापन झाली. बेलापूरला पारसिकच्या डोंगराखाली कोरियांनी ऐंशीच्या दशकात बांधलेलं आर्टिस्ट व्हिलेज मला आजही सगळ्यात शिकवणारं वाटतं. सात घरं एका आठ बाय आठ मीटरच्या अंगणाभोवती, असे तीन गट मिळून आणखी मोठं अंगण, आणि तसंच पुढे वाढत जायचं. प्लॉटच्या आकारांत फरक थोडाच, गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्यात फार अंतर पडू नये म्हणून. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही, त्यामुळे ज्याला जमेल तसं त्याने वाढवावं. आज गेलात तर मूळची घरं थोडीच दिसतील. पुष्कळांनी पाडून दोन-तीन मजली काँक्रीटची बांधली. अनेक आर्किटेक्ट मित्र यावर हळहळतात. मला मात्र तिथे गेल्यावर पहिल्यांदा जाणवतात ती शाबूत राहिलेली अंगणं. घरं बदलली, पण त्यांच्यामधली मोकळी जागा कुणाला गिळता आली नाही, आणि वारा त्या जागेतून अजून फिरतो.

आर्किटेक्ट लॉरी बेकरांचं नावही इथे घ्यायलाच हवं. हा इंग्लंडात जन्मलेला माणूस आधी पिथोरागढच्या थंड डोंगरात दगड-लाकडाची घरं बांधायला स्थानिक माणसांकडून शिकला आणि १९६३ मध्ये केरळात आल्यावर विटांच्या जाळ्या बांधू लागला. विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवणारी त्यांची रॅट-ट्रॅप रचना पाऊण विटांत भिंत उभी करते. एकच माणूस, दोन हवा, दोन पूर्ण वेगळी घरं.

आता ठाण्यातल्या नव्या टॉवरकडे येते. इथे मला जास्त बोलायचं आहे.

पूर्वी काँक्रीटचा सांगाडा उभा राहायचा आणि मधल्या भिंती विटांच्या असायच्या, नंतर त्यांच्या जागी साइटवर सगळे सिपोरेक्स म्हणतात ते सच्छिद्र काँक्रीटचे हलके एएसी ब्लॉक आले. हल्ली उंच इमारतींत अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून, म्हणजे मायवान पद्धतीने, भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. आठवड्या-दहा दिवसांत एक मजला चढतो, भिंती सरळ येतात, भूकंपाला इमारत मजबूत असते. हे फायदे खरे आहेत आणि मी ते नाकारत नाही. पण बाहेरची भिंतसुद्धा सहा इंची काँक्रीटची होते. काँक्रीट एएसी ब्लॉकच्या आठ-नऊ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. पश्चिमेच्या बेडरूमची भिंत चार वाजता तापते आणि रात्री दहाला हात लावला तरी कोमट लागते. वर नंतर खिडकी वाढवायची, झरोका पाडायचा म्हटलं तर तो अशक्य, कारण भिंतच इमारतीचा भार पेलत असते. आज नकाशावर जे चुकेल ते त्या घरात राहणाऱ्यांच्या नातवंडांपर्यंत तसंच राहील.

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी इको-निवास संहिता आणली. देशाचे पाच हवामान विभाग धरून तिच्यात खिडक्यांचा हिशेब आहे. उष्ण-दमट विभागात, म्हणजे आपल्याकडे, उघडणाऱ्या खिडक्यांचं आणि बाहेर उघडणाऱ्या दारांचं क्षेत्रफळ कारपेटच्या, म्हणजे घरातल्या वापराच्या जागेच्या, निदान एक षष्ठांश हवं. उष्ण-कोरड्या विभागात एक दशांश पुरतं, थंड विभागात एक द्वादशांश. आजी, मामी आणि लडाख या तिन्ही गोष्टी त्या तीन आकड्यांत आहेत. आता ६०० चौरस फुटांचा फ्लॅट घ्या. त्याला १०० चौरस फूट उघडणारी जागा लागेल. पण आपल्याकडे सर्रास लावतात त्या दोन पाटांच्या सरकत्या खिडकीत एका वेळी अर्धीच जागा उघडते. म्हणजे दिसायला २०० चौरस फूट खिडकी हवी. बाहेर उघडणारी कब्जाची खिडकी लावली तर शंभरच पुरते. बिजागरी बदलल्याने एवढा फरक पडतो, आणि ही गोष्ट सांगितली की साइटवर माणसं पहिल्यांदा कागद पुढे ओढून घेतात.

खिडकी एकाच बाजूला असेल तर वारा खोलीत फार आत शिरत नाही, खोलीच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट फार तर. आरपार जायला त्याला समोर दुसरं तोंड लागतं. मजल्यावर सहा-आठ फ्लॅट आणि मध्ये लांब पॅसेज असला की ते तोंड डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या पोटातल्या अरुंद उभ्या पोकळीत उघडतं, आणि डक्टमध्ये वरपासून खालपर्यंत एसीची बाहेरची यंत्रं गरम हवा फेकत असतात. एका घराचा गारवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात उकाडा होऊन येतो.

लोक खिडक्या का बंद करतात, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. डास आहेत, खाडीजवळ तर फारच. मच्छरजाळी लावली की वारा बराच अडतो. कबुतरं आहेत. घोडबंदर रोडचा आवाज आहे, शेजारी चाललेल्या बांधकामाची धूळ आहे. ज्या घरात तान्हं मूल किंवा दम्याचा माणूस आहे त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की खिडकी उघडी ठेवा? इमारतीचं वारं आणि रस्त्याची स्वच्छता हे एकच काम आहे. नकाशा काढणाऱ्याच्या हातात त्यातलं अर्धंच असतं.

आणि पाणी. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यात खाडीची खारी हवा. काँक्रीटच्या बारीक भेगांतून ओल शिरते, सळया गंजतात, फुगतात, स्लॅबचे पोपडे पडतात. वाशी-नेरूळच्या कितीतरी इमारती चाळिशी गाठण्याआधीच धोकादायक यादीत गेल्या. जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. पस्तीस वर्षांत पाडायची इमारत कितीही सौर पॅनेल लावले तरी पर्यावरणाला परवडत नाही. ती सत्तर-ऐंशी वर्षं टिकली तर तिच्यातल्या प्रत्येक पोत्याचं काहीतरी चीज होतं. त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी साध्या आहेत: सळईवर पुरेसं जाड काँक्रीटचं आवरण, राख किंवा स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतला मळ) मिसळलेलं सिमेंट, प्रत्येक खिडकीवर छज्जा आणि छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तुटून पडावं म्हणून बोटभर खोबण. सपाट, चकचकीत दर्शनी भागासाठी छज्जे काढून टाकतात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

याच पाण्याने ठाण्याला एक चांगली गोष्ट नकळत दिली. जुन्या इमारतींच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा ब्रिकबॅट कोबा आणि वर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे असायचे, जे ऊन परतवायचे. गळती लागली की सोसायट्यांनी गच्चीवर पत्र्याच्या शेड टाकल्या. दिसायला त्या ओबडधोबड, पण पत्रा आणि स्लॅब यांच्यामध्ये उघडी पोकळी राहते, तिच्यातून वारा वाहतो, आणि स्लॅबवर ऊन पडतच नाही. शेड झाल्यापासून सगळ्यात वरच्या मजल्यावरची माणसं उन्हाळ्यात घरात बसू लागली, हे मला अनेक सोसायट्यांत ऐकायला मिळालं. नव्या टॉवरमध्ये हीच दुहेरी छपराची युक्ती सौर पॅनेल उंचावर बसवून करता येते.

सध्या वाशीच्या एका सोसायटीच्या पुनर्विकासात सभासदांच्या बाजूने सल्ला देते आहे. पहिल्या सभेत प्रश्न नेहमीचे होते: कारपेट किती वाढणार, विकासकाकडून मिळणारा कॉर्पस निधी किती, भाडं किती, पार्किंग कुणाला. ते विचारायलाच हवेत, माणसांची आयुष्यभराची पुंजी त्यात आहे. शेवटी मी विचारलं, "आणि वारा कुठून येणार?" एक काका म्हणाले, "मॅडम, प्रत्येक बेडरूमला एसीचा पॉइंट देतायत की." त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी तेवढ्यात म्हणाल्या, "आणि बिल कोण भरणार? माझी पेन्शन बघितलीयेत का?" त्यानंतर मात्र सभेचा सूर पालटला. आता सभासद नकाशा उलगडून स्वतःच्या घराची खिडकी शोधतात, ती कुठल्या दिशेला उघडते ते विचारतात.

विकासकाने बऱ्याच गोष्टी मान्य केल्या आहेत. बेडरूमना कब्जाच्या खिडक्या, प्रत्येक दारावर झरोका, पश्चिमेच्या बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या आणि तिथे उभ्या पट्ट्या, एसीची यंत्रं डक्टऐवजी बाहेरच्या अंगाला. छज्ज्यांवर थोडी घासाघीस झाली, पण तेही आले. दोन विंगमधली मोकळी जागा मात्र अजून ठरलेली नाही. ती आणखी दोन मीटर रुंद केली तर खाडीकडचा वारा मागच्या विंगला मिळेल, पण मजल्यामागे एका फ्लॅटचं कारपेट थोडं कमी होईल. कुणाचं कमी करायचं, यावर रविवारी पुन्हा सभा आहे.